समासातील नोंदी : कोकणातील लोकसंख्येची भरती-ओहोटी

संत लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय शिरगणतीने सुरू होतो. कैसर औगुस्ताची आज्ञा सुटते आणि जो तो नावनोंदणीसाठी आपापल्या गावी निघतो. दाविदाच्या घराण्यातील योसेफ नासरेथ सोडून बेथलेहेमची वाट धरतो. त्या शिरगणतीच्या नेमक्या सालाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. त्या वादात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. आपल्या विषयापुरते महत्त्वाचे एवढेच की, त्या कथेत माणूस ज्या गावचा असतो तेथे त्याची नोंद होते. आपल्याकडील दशवार्षिक जनगणनेची रीत नेमकी उलटी आहे. माणूस जेथे राहताना आढळतो, तेथे तो मोजला जातो.

राज्यकारभाराच्या दृष्टीने ही रीत योग्यच आहे. परंतु आपल्या बोलण्यात दोन्ही प्रश्न जिवंत आहेत. 'कुठे राहता?' असे विचारून झाले की लगेच दुसरा प्रश्न येतो, 'आणि गाव कुठले?' मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर, मुंबईपासून सुमारे ७८ किलोमीटरवर असलेल्या वांगणीत एखाद्या नव्या इमारतीच्या जिन्यात हे दोन प्रश्न विचारावेत. पहिल्याचे उत्तर सर्वांचे एकच असते. दुसऱ्याच्या उत्तरात चिपळूण, लांजा, देवगड, मालवण येतात. सातारा, जुन्नर, बीड येतात. जौनपूर आणि आझमगडही येतात. जनगणनेला या दुसऱ्या उत्तराचे फारसे काम पडत नाही. इतिहासाचे मात्र त्यावाचून चालत नाही.

कोकणाच्या लोकसंख्येकडे आपण सहसा दोन वेगळ्या दु:खांच्या नजरेने पाहतो. दक्षिणेकडे गावे ओस पडली म्हणून हळहळतो आणि उत्तरेकडे गर्दीने जीव गुदमरतो म्हणून कातावतो. मला मात्र ही दोन दु:खे एकाच घराची वाटतात. भरती आणि ओहोटी यांचे पाणी एकच असते.

आकड्यांपासून सुरुवात करू. १९०१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ११ लाख ६८ हजार होती. त्यात आजच्या सिंधुदुर्गाचा बराचसा भाग येत असे, सावंतवाडी संस्थान तेवढे वेगळे होते. त्याच वर्षी ठाणे जिल्ह्यात ८ लाख ११ हजार माणसे होती, आणि तेव्हा साष्टी बेटही ठाण्यातच मोडत असे. म्हणजे विसाव्या शतकाच्या आरंभी रत्नागिरी हा ठाण्याहून मोठा जिल्हा होता. ११० वर्षांनी, २०११ मध्ये, ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाख ६० हजार १४८ झाली आणि तो भारतातील सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा ठरला. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून तेव्हा २४ लाख ६५ हजारांच्या आत होते. ठाण्याने साष्टी गमावूनही तेरा पटींहून अधिक वाढ पाहिली. दक्षिण कोकण सावंतवाडी धरून दुप्पटही झाले नाही.

शेवटच्या दशकात तर वाढ थांबून घट सुरू झाली. २००१ मध्ये रत्नागिरीत १६ लाख ९६ हजार ७७७ लोक होते. २०११ मध्ये १६ लाख १५ हजार ६९ उरले. सिंधुदुर्ग ८ लाख ६८ हजार ८२५ वरून ८ लाख ४९ हजार ६५१ वर आला. याच दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या जवळजवळ १६ टक्क्यांनी वाढली होती.

याची मुळे फार मागे जातात. जांभ्या दगडाची जमीन, पावसावरचे एकच भाताचे पीक, भावाभावांत वाटून वाटून रुमालाएवढे झालेले तुकडे आणि त्यावर खोताचा वाटा. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. प्रत्यक्षात खोती कायद्याने गेली ती १९४९ च्या अधिनियमानंतर. तोवर तीन पिढ्यांनी मुंबईची वाट धरलेली होती. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत पहिली कापड गिरणी स्थापन केली, आणि १८८१ च्या शिरगणतीत मुंबईच्या पावणेआठ लाख रहिवाशांपैकी सुमारे सव्वा लाख रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले निघाले. म्हणजे शहरातील दर सहा माणसांत एक रत्नागिरीचा. हर्णै, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, वेंगुर्ले या बंदरांतून आगबोटी भाऊच्या धक्क्याला लागत, आणि परतीच्या वाटेवर पोस्टातून मनीऑर्डरी जात.

या पहिल्या स्थलांतराचे एक वैशिष्ट्य ध्यानात ठेवले पाहिजे. गाव सोडत असे तो पुरुष. घर गाव सोडत नसे. गिरणगावातील एका खोलीत वीस-पंचवीस गडी पाळीपाळीने झोपत, खाणावळीत जेवत. बायको, मुले आणि म्हातारी माणसे गावी शेत आणि देवघर राखत. म्हणूनच २००१ मध्येही रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१३६ स्त्रिया होत्या, तर मुंबई शहर जिल्ह्यात त्या केवळ ७७७. हे दोन आकडे वेगवेगळ्या पुस्तकांत छापले जातात, पण एकमेकांशेजारी ठेवले की चूल एकीकडे आणि कमावता हात दुसरीकडे असे चित्र उभे राहते.

२०११ मध्ये रत्नागिरीतील हे प्रमाण १,१२२ वर आले. सिंधुदुर्गात ते १,०७९ वरून १,०३६ झाले. लोकसंख्या घटत असताना स्त्रियांचे प्रमाणही घटते, याचा अर्थ काय? कमी होत गेलेली जन्मसंख्या हे घटीचे एक कारण आहेच. परंतु लिंगगुणोत्तराचा हा उतार सांगतो की आता बायकामुलेही निघाली आहेत. पूर्वी माणूस गेला तरी घर उरत असे. आता घराला कुलूप लागते. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली तेव्हा चाकरमानी गावाशी जोडलेला राहील अशी आशा होती. तो गणपतीला आणि शिमग्याला येतो, आपले ख्रिस्ती बांधव मे महिन्यात आणि नाताळात येतात. पण येणे सोपे झाले तसे जाणेही सोपे झाले.

गाव राखून ठेवण्यामागे भावनेइतकाच व्यवहार होता. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा लाखो लोक शहर सोडून पळाले; गिरणी कामगाराला पळून जायला गाव होते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. तो रीतसर कधी मिटलाच नाही. तेव्हाही कित्येकांनी कुटुंबे गावी धाडली आणि तांदळाच्या त्या तुकड्यांनीच त्यांना काही काळ तगवले. २०२० च्या टाळेबंदीत पुन्हा तेच दिसले. गाव हा कोकणी माणसाचा विमा होता, आणि त्याचा हप्ता गावी राहिलेल्या बाईने शेतात राबून भरला.

संपानंतर गिरण्यांच्या जागी बुरूज उभे राहिले. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये ३३ लाख ३८ हजार होती; २०११ मध्ये ती ३० लाख ८५ हजार झाली, म्हणजे साडेसात टक्क्यांनी घटली. टक्केवारीत ही घट रत्नागिरीच्याही वरताण आहे. गाव आणि गिरणगाव दोन्ही एकाच काळात ओसरले. ते पाणी लोहमार्गाच्या कडेकडेने सरकत उत्तरेला आणि पूर्वेला गेले.

कल्याणच्या पुढचा हा मार्ग १८५६ साली बोरघाटाच्या पायथ्यापर्यंत तयार झाला होता. पण त्याच्या कडेची गावे एकदम वाढली नाहीत. प्रत्येकाची वेळ वेगळी होती. उल्हासनगर फाळणीतून जन्मले. दुसऱ्या महायुद्धातील कल्याण कॅम्पच्या लष्करी बराकींत सिंधमधून आलेल्या निर्वासितांना आसरा मिळाला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या नगराची कोनशिला बसली. अंबरनाथला १०६० सालचे शिलाहारकालीन शिवमंदिर आहे; गावाला शहरपण दिले ते मात्र आगपेट्यांच्या कारखान्याने, स्वातंत्र्योत्तर ऑर्डनन्स फॅक्टरीने आणि औद्योगिक वसाहतीने. बदलापूर वाढले ते घरासाठी. २००१ ते २०११ या दहा वर्षांत उल्हासनगर सुमारे ७ टक्क्यांनी वाढले, अंबरनाथ २४ टक्क्यांनी, आणि कुळगाव-बदलापूर ९७ हजार ९४८ वरून १ लाख ७४ हजार २२६ वर, म्हणजे ७८ टक्क्यांनी. लोकलने पंधरा-वीस मिनिटांच्या अंतरात इतका फरक! जिल्ह्याची सरासरी सांगून असा विषमपणा झाकला जातो. शेजारच्या रायगडातही तेच. जिल्हा १९ टक्क्यांनी वाढला, पण त्यातील मोठा वाटा पनवेलच्या परिसराचा. पोलादपूर, म्हसळा, श्रीवर्धनकडच्या गावांतून माणसे बाहेरच पडत राहिली.

बदलापूरनंतरचे स्थानक वांगणी. त्याच्यापुढचे शेलू रायगड जिल्ह्यात जाते. मुंबईचे खगोलप्रेमी वर्षानुवर्षे रात्रभर तारे पाहण्यासाठी वांगणीला येत, कारण येथवर शहराचा उजेड पोहोचत नसे. जेथे काळोख मिळत होता तेथेच स्वस्त भाडेही मिळत होते. त्यामुळे शहराला परवडेनासा झालेला माणूस अखेर येथे उतरू लागला. लोकलमध्ये किरकोळ वस्तू विकून पोट भरणारी कितीतरी दृष्टिहीन कुटुंबे वांगणीत राहतात. १७ एप्रिल २०२१ रोजी येथील फलाटावर एका अंध मातेचा मुलगा रुळांवर पडला आणि पॉइंट्समन मयूर शेळके यांनी समोरून येणाऱ्या गाडीच्या तोंडातून त्याला वर ढकलले, ते दृश्य देशभर पाहिले गेले. शेळके यांनी बक्षिसाची अर्धी रक्कम त्या मुलासाठी देऊ केली. त्यांच्या धैर्याची वाहवा झाली ती योग्यच. पण दृष्टिहीन माणसे उपजीविकेच्या शहरापासून इतक्या दूर का राहतात, हा प्रश्न फारच थोड्यांनी विचारला.

तोच प्रश्न आता गिरणी कामगार विचारीत आहेत. मार्च २०२४ मध्ये राज्य शासनाने गिरणी कामगार व त्यांच्या वारसांसाठी शेलू आणि वांगणी येथे सुमारे ८१ हजार घरे उभारण्याच्या योजनेचा निर्णय घेतला. ९ जुलै २०२५ रोजी कामगार संघटना आझाद मैदानावर जमल्या आणि घर मुंबईतच हवे अशी मागणी त्यांनी मांडली. या वादात पक्ष घेण्याचा माझा अधिकार नाही. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मात्र मला त्यात एका घराण्याचा प्रवास दिसतो. आजोबा आगबोटीने राजापूरहून लालबागला आले. मुलाने संपात नोकरी गमावली. नातवाला शासन वांगणीचा रस्ता दाखवीत आहे. तीन पिढ्यांत तीन जनगणना-क्षेत्रे झाली, आणि प्रत्येक ठिकाणी त्यांचा आकडा वेगळ्या रकान्यात पडला.

अशा मोजणीची किंमत दोन्ही टोकांना चुकवावी लागते. २००१ च्या जनगणनेवर आधारित मतदारसंघ-पुनर्रचना २००९ च्या निवडणुकीत अमलात आली, तेव्हा ठाणे जिल्ह्याच्या विधानसभेच्या जागा १३ वरून २४ झाल्या आणि रत्नागिरीच्या ७ वरून ५. लोकसभेचा राजापूर मतदारसंघ तर नकाशावरूनच गेला. कोकण रेल्वेसाठी आयुष्यभर झटणाऱ्या प्रा. मधु दंडवते यांनी वीस वर्षे ज्याचे प्रतिनिधित्व केले, तोच हा मतदारसंघ. २०१७ मध्ये राज्य शासनाने दहाहून कमी पट असलेल्या सुमारे १,३०० शाळा बंद करून मुलांना जवळच्या शाळांत पाठविण्याचे ठरविले. कोकणातील डोंगरी वाड्यांवरच्या शाळाही त्या यादीत होत्या. जेथे माणसे उणावतात तेथे शाळा जाते, आणि शाळा गेली की उरलेले तरुण जोडपेही मुलांसाठी गाव सोडते.

दुसऱ्या टोकाला उलटा अन्याय होतो. २०२१ ची जनगणना महामारीमुळे वेळेवर झाली नाही. पुढच्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भतारीख जाहीर झाली आहे. म्हणजे वांगणीसारख्या गावाची ओळख सोळा वर्षे जुन्या आकड्यावर चालली. पाणी, दवाखाना, गटारे यांची आखणी जुन्या गावापुरती आणि माणसे नव्या नगराएवढी. जमीनही मर्यादित आहे. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुराने बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेसला वेढा घातला आणि हजारावर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले. पुराचे पाणी कोठे पसरते हे जुन्या शेतकऱ्याला ठाऊक होते. नव्या सदनिकाधारकाला ते कोणी सांगितले नाही.

आणि येथले मूळचे लोक? या परिसरात ठाकूर आणि कातकरी समाजाच्या वाड्या पूर्वापार आहेत. कातकरी कुटुंबे पावसाळा सरला की वीटभट्ट्यांवर जातात आणि उन्हाळ्याच्या अखेरीस परततात. २०११ ची प्रत्यक्ष गणना ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली, म्हणजे भट्ट्या ऐन भरात असताना. ज्यांचे गाव खरोखर येथलेच, तेच मोजणीच्या दिवशी गावाबाहेर!

वांगणीच्या परिसरातून वाहणारी ही उल्हास नदी अखेर वसईच्या खाडीला मिळते, आणि आपल्या वाचकांपैकी अनेकांचे अंगण त्या खाडीपलीकडेच आहे. वसईने ही भरती आपल्या विहिरींवर आणि केळीच्या बागांवर झेललेली आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांचे सहकारी 'हरित वसई'साठी उभे राहिले तो लढा जमिनीचा आणि पाण्याचा होता. २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली आणि दोन वर्षांनी तिची लोकसंख्या १२ लाख २२ हजारांवर मोजली गेली. आपल्या बागा राखण्याचा आपला आग्रह न्याय्य होता, असे मी आजही मानतो. पण त्या लढ्याच्या भरात नव्याने आलेल्या माणसाकडे आपण कधी कधी 'लोंढा' म्हणून पाहिले, हेही प्रामाणिकपणे कबूल करायला हवे. लोंढ्याला चेहरा नसतो. खोताच्या तगाद्याने निघालेल्या माणसाला तो असतो.

अशा चेहऱ्यांची नोंद ठेवण्याची एक रीत आपल्या चर्चमध्ये आहे. ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ मध्ये विवाहाची नोंदवही धर्मगुरूंना बंधनकारक केली. पुढे पोप दहावे पायस यांच्या १९०७ च्या आज्ञापत्राने आणखी एक बारीकसा नियम घातला: विवाह कोठेही होवो, त्याची सूचना वधूवरांच्या बाप्तिस्म्याच्या चर्चला गेली पाहिजे आणि तेथील वहीत, त्या मूळ नोंदीच्या बाजूला, ती टिपली गेली पाहिजे. आजच्या धर्मनियमांतही ही तरतूद आहे. त्यामुळे बाप्तिस्म्याच्या जुन्या वहीचा समास हा दूरदूरच्या गावांनी भरलेला असतो.

तरुणपणी मी किनाऱ्यावरच्या एका जुन्या धर्मग्रामात होतो. तेथील वह्या चाळताना मुख्य रकान्यात नावे वर्षागणिक विरळ होत जाताना दिसत आणि समास मात्र दाटत जाई: भायखळा, माहीम, कुर्ला, पुढे ठाणे, कल्याण, आणि मग परदेशांतील शहरे. जनगणनेच्या पुस्तकात त्या गावची घट दिसली असती, तितकीच. समासात माणूस कोठे गेला तेही दिसे. ही वही थोड्याच लोकांची आहे, हे मी जाणतो. कोकणातील बहुसंख्य घरांसाठी अशी वही कोणी ठेवलेली नाही. म्हणून तर राज्याच्या आकड्यांवरच त्यांचे सारे अवलंबून असते, आणि म्हणून ते आकडे एकमेकांशेजारी ठेवून वाचण्याची जबाबदारी आपली ठरते. रत्नागिरीची शाळा आणि वांगणीचे पाणी हे एकाच कुटुंबाचे दोन प्रश्न मानून नियोजन झाले, तर कोणाला गाव राखण्यासाठी उपाशी राहावे लागणार नाही, की पोटासाठी नदीच्या पात्रात घर घ्यावे लागणार नाही. २००५ मध्ये सिंधुदुर्ग धर्मप्रांत स्थापन झाला तोही लोकसंख्या ओसरत असलेल्या प्रदेशातच. मेंढपाळाने उरलेल्यांकडे जायचे असते, ही जाणीव त्यात आहे.

आता मी या कर्जत मार्गावरच्या वस्त्यांत फिरतो. लग्नाआधी कागदपत्रे तपासताना वधूवरांना बाप्तिस्म्याचे चर्च विचारावे लागते. तरुण मुले थोडी गोंधळतात, आईला फोन लावतात, आणि मग एखाद्या खाडीकाठच्या गावाचे नाव सांगतात. काहींनी ते गाव पाहिलेलेही नसते. विवाह झाला की मी तेथील धर्मगुरूंना सूचनापत्र लिहितो. मधूनच कोणाकडून पोचही येते. तेथे कपाटातून जुनी वही काढली जाते आणि एका नावाच्या बाजूला, उरलेल्या जागेत, आजची तारीख व एका नव्या गावाचे नाव लिहिले जाते.